गुरुवारची भजी आणि पंचवीस टक्के

पिंपरी-चिंचवडच्या कामगार घरांत सुट्टीचा वार गुरुवार. विजेच्या तुटवड्याच्या काळात औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून दिल्या गेल्या, म्हणजे सगळ्यांचा भार एकाच दिवशी पडू नये. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो इतका अंगवळणी पडला की पुढे कारण मागे पडलं तरी वार बदलला नाही. महावितरणची देखभालीची कामंही पुणे परिसरात बहुधा गुरुवारीच निघतात. त्या दिवशी हाताशी वेळ असतो आणि घरात वीज असेलच असं नाही. विजेच्या दुचाकीवर भटकायला जाणाऱ्यांनी म्हणूनच बुधवारी रात्री, झोपण्याआधी, चार्जर लावायचा असतो.

या पट्ट्यात अशा दुचाकी घडतातही. आकुर्डीच्या ज्या जागेत बजाजची जुनी चेतक बनायची, तिथेच जून २०२२ मध्ये विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. त्याआधी ही गाडी चाकणला बनत होती. २००९ साली आयल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटरसायकलींची पहिली टीटीएक्सजीपी शर्यत झाली, तिथे आपली गाडी उतरवणारे पुण्याचे कपिल शेळके यांनी पुढे ‘टॉर्क’ची मोटरसायकल चाकणमधून बाजारात आणली. रावेतला विजेच्या सायकलींचा मोठा कारखाना उभा राहिला. कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिलं जातं. पण या गाड्या घेऊन माणसं सुट्टीच्या दिवशी कुठे जातात, कुठे टेकतात, काय खातात, हे कुणी फारसं विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं. गाडी बनवणाऱ्याला तिच्यावर बसून निवांत फिरायला मिळतं की नाही, यावरून तो उद्योग माणसाला काय देतो ते कळतं.

पुढचं बोलणं एका काका-पुतणीचं आहे. काकांनी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. पुतणी चाकणला बॅटरी पॅकच्या तपासणीवर आहे आणि विजेच्या स्कूटरवर मित्रमैत्रिणींबरोबर भटकते.

काका : मला विजेबद्दल काही म्हणायचं नाही. आयुष्यभर लेथ विजेवरच चालवला. माझं म्हणणं फुरसतीबद्दल आहे. तुम्ही पोरं लोणावळ्याला जाता, कुणाच्या तरी हॉटेलात गाडी सॉकेटला लावता आणि दीड-दोन तास तिथेच बसून राहता. ते बसणं तुम्ही कुठे ठरवलेलं असतं? बॅटरीनं बसवलं, म्हणून बसता.

पुतणी : आणि तुमची स्कूटर तुमचं ऐकायची? बाबा सांगतात ना, खंडाळ्याच्या चढाला इंजिन तापलं की बाजूला घ्यायची, प्लग काढून पुसायचा, मग तिरकी करून पुन्हा किक. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं याचा हिशेब वेगळाच.

काका : थांबायचो की. पण जिथं झाड दिसेल तिथं. पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, तुझी काकू कांदा फोडायची. इंजिन गार झालं तरी आम्ही उठायचो नाही. झाड आमचं, वेळ आमची. तुम्हाला झाडाखाली थांबून काय मिळणार? झाडाला प्लग पॉइंट नसतो.

पुतणी : झाडाखालीही थांबतो. पण एक सांगा, घाटातली खाण्याची ठिकाणं कशी झाली? कर्जतचाच वडा घ्या. मुंबईहून येणाऱ्या गाडीला बोरघाट चढायचा, चढ सदतीसाला एक. एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. जोडायला वेळ लागतो, गाडी उभी राहते आणि उभ्या गाडीच्या खिडकीशी दिवाडकरांचा बटाटावडा येतो. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली नसती, आणि तिला कर्जतला थांबावं लागलं नसतं, तर त्या वड्याचं नाव एवढं झालं असतं का? लोणावळ्याच्या चिक्कीचंही तेच सांगतात. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना ताकद यावी म्हणून गूळ-दाण्याची गुडदाणी विकायला लागले, त्याची चिक्की झाली. यंत्र जिथं अडतं, तिथं माणूस चूल मांडतो. मग माझी स्कूटर अडली तर तुम्हाला वाईट का वाटावं?

काका : वड्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही खिडकीतून पैसे देऊन खाल्लाय. पण कर्जतला तू फुरसत पाहिलीस का? प्रवासी एक डोळा सिग्नलवर ठेवून खातो. विकणारा पोरगा डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. थांबा इंजिनाचा असतो, माणसाला त्यातलं काही मिळत नाही. तुमचंही तसंच झालंय. तू परवा भजी खात होतीस आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होतीस. किती टक्के झाले, किती टक्के झाले. भजीची चव तुला आठवते का?

मला इथं थांबून सांगायला हवं की काकांचा हा प्रश्न मला पटला. सक्तीच्या थांब्यातून चांगलं खाणं उपजतं, हे पुतणीचं खरं आहे. त्या थांब्यात माणूस सैलावला का, हा प्रश्न मात्र त्याहून वेगळा, आणि त्याचं उत्तर वड्याच्या कीर्तीत सापडत नाही.

पुतणी : आठवते. खेकडा भजी होती, चाकणच्या कांद्याची. महात्मा फुले मार्केट यार्डात लिलाव झालेला कांदा दोन गल्ल्या ओलांडून त्या कढईत येतो. आणि तो कढईवाला चूक करत नाही. कांदा उभा, पातळ चिरतो, मीठ लावून बाजूला ठेवतो. मिठानं कांद्याला पाणी सुटतं, त्याच पाण्यात बसेल तेवढंच बेसन. वरून थेंब घालत नाही. म्हणून भजी कुरकुरीत राहते आणि तिचे पाय सुटे सुटे दिसतात. घाईत असलेला माणूस अशी भजी करत नाही, तो बेसनात पाणी ओततो आणि गोळे सोडतो. काका, त्याला घाई का नव्हती माहितीये? आमच्या सात गाड्या तिथं चार्जिंगसाठी थांबलेल्या होत्या. आम्ही उठून जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

काका : हे मी ध्यानात घेतलं नव्हतं.

पुतणी : पेट्रोलवाले येतात, हॉर्न वाजवतात, ‘चार वडापाव, पार्सल’ म्हणतात आणि जातात. त्यांना सकाळचे तळून ठेवलेले वडे मिळतात. आम्हाला ताजा घाणा मिळतो, कारण आम्ही बसतो. माझ्या स्कूटरसारखी पहिली विजेची चेतक २०२० मध्ये आली तेव्हा कंपनीनं सांगितलेले आकडे असे : इको मोडवर ९५ किलोमीटर, पूर्ण चार्जला पाच तास, पहिल्या तासात पंचवीस टक्के. निगडीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं लोणावळा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कागदावर जाऊन-येऊन पुरतं. प्रत्यक्षात दोघं बसलेले, समोरून वारा, सोमाटणे फाट्यापुढे हात जरा जास्त पिळला गेलेला, म्हणजे येताना पोटात गोळा. तासभर लावली की तो गोळा जातो. म्हणून पंचवीस टक्के हे आमचं माप आहे. दोन चहा, एक प्लेट भजी, एक भाजलेलं कणीस, थोडं उगाच बोलणं.

काका : हात पिळायचाच कशाला?

पुतणी : तेच सांगते. ही गाडी हळू चालवायला शिकवते. वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून साठऐवजी पंचेचाळीसनं गेलं तर बॅटरी कितीतरी जास्त पुरते. पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम, पण तिथं कुणी मोजत नाही. आमच्यातला सगळ्यात घाईचा मुलगा आता रस्त्यावरची करवंदाची जाळी ओळखतो. आवाज नसतो काका, दोन गाड्या शेजारी असल्या की बोलता येतं. कामशेतजवळ भाताची खाचरं लागतात तिथं बेडकांचा आवाज येतो. हेल्मेटमधून येतो.

काका : शेजारी शेजारी चालवू नका. मागून ट्रक येतो.

पुतणी : रिकाम्या रस्त्याला फक्त.

काका : रिकाम्यालाही नको. आणि दुसरं. तुम्हाला वाट पाहण्याचं कौतुक वाटतंय, कारण तुम्ही ती फार पाहिली नाही.

पुतणी : तुमच्या पिढीनं स्कूटरसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट पाहिली. मुलगी जन्मली की स्कूटर बुक करायची, असं आजी सांगायची. आणि माझे दोन तास तुम्हाला जड वाटतात!

काका : पाहिली वाट. पण त्या दहा वर्षांना आम्ही फुरसत म्हटलं नाही. ती टंचाई होती, आणि टंचाईला गोड नाव देऊ नये असं मला वाटतं. गुरुवारच्या सुट्टीचंही तेच. वीज पुरत नव्हती म्हणून मशिनं बंद, आणि मशिनं बंद म्हणून आम्ही मोकळे. शेजारच्या मुलाची शाळा त्या दिवशी चालू, पाहुण्यांची लग्नं रविवारी, आणि आम्ही रविवारी लेथवर. पोराबरोबर बागेत जायचं तर त्याच्या शाळेनंतर, अंधार पडायच्या आत. दुर्गा टेकडीवर भेळ खायची आणि घरी. त्या भेळेची मला अजून आठवण येते, पण म्हणून ती व्यवस्था चांगली होती असं मी म्हणणार नाही.

पुतणी काही वेळ बोलली नाही. मलाही वाटलं, या पट्ट्याच्या चाळीस-पन्नास वर्षांत विजेनं माणसांची सुट्टी कशी ठरवली, हे काकांनी चार वाक्यांत सांगितलं. १९७२ साल इथे मोठं : पिंपरी-चिंचवड नवनगर प्राधिकरण त्याच वर्षी स्थापन झालं, चेतक त्याच वर्षी आली, किनेटिकची लूनाही त्याच वर्षीची. शहराची आखणी आणि मध्यमवर्गाची दुचाकी हातात हात घालून आल्या. प्राधिकरणाच्या नकाशात बागा होत्या, पेठा होत्या. त्या बागेत नेमका कोण, कोणत्या वारी, किती वेळ बसणार, हे मात्र पाळीच्या भोंग्यानं ठरवलं.

पुतणी : बरं, लोणावळा सोडा. पिंपरी कॅम्पातला दाल पकवान तरी फुरसतीचा की नाही?

काका : तो आहे. फाळणीनंतर सिंधी मंडळी निर्वासित म्हणून पिंपरीला आली, तंबू-बराकींतून त्यांनी बाजारपेठ उभी केली, आणि सकाळची ती न्याहारी आम्हाला दिली. मैद्याचा जिरं घातलेला कडक पकवान, वर हरभऱ्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. तो उभ्यानं घाईघाईत खाल्ला तर अर्धा अंगावर सांडतो. तुकडा मोडायचा, डाळ उचलायची, पुन्हा मोडायचा. आमच्या वर्कशॉपमधला एक फिटर त्याच वस्तीतला. गुरुवारी सकाळी आम्ही त्याच्याकडे जायचो. घरं सोडून आलेल्या माणसांनी दुसऱ्याला बसवून खाऊ घालावं, याचं मला फार वाटायचं.

पुतणी : तिथं कुणी चार्जिंगला थांबत नव्हतं.

काका : नाही. माणसासाठी थांबायचो. आता समजलं का मला काय म्हणायचंय ते?

पुतणी : समजलं. पण आमच्यातही तसं होतं. चार्जिंग संपल्यावर आम्ही उठतो असं तुम्हाला वाटतं. कितीदा तरी ऐंशी टक्के होऊन गेलेले असतात आणि कुणाच्या तरी बदलीची, कुणाच्या घरच्या भांडणाची गोष्ट चालू असते. चार्जिंग हे निमित्त. घरी ‘गप्पा मारायला जातो’ म्हटलं तर प्रश्न येतात, ‘गाडी चार्ज होतेय’ म्हटलं की येत नाहीत. मुलींना तर फारच उपयोगी पडतं.

काका : हे मात्र मी मान्य करतो. तुझी काकू गिरणीत दळणाला नंबर लावून तिथं मैत्रिणींशी बोलत बसायची.

पुतणी : मग तुमचा आक्षेप उरला कुठे?

काका : अडकण्याचा. निमित्त असावं, पण अडकू नये. म्हणून मला ती विजेची सायकल आवडली.

हे ऐकून पुतणीइतकाच मीही चकित झालो. काकांनी शेजाऱ्याची अशी सायकल देहूपर्यंत चालवून पाहिली होती. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, एवढ्या मर्यादेतली गाडी कायद्याच्या नजरेत मोटार वाहन ठरत नाही. तिला नंबर प्लेट नाही, लायसन नाही. गुडघ्याला चढ झेपत नाही तिथं मोटर हात देते, सपाटीला आपले पाय.

काका : इंद्रायणीच्या घाटावर बसलो, चणे-फुटाणे घेतले, वाटलं म्हणून भंडारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. बॅटरी संपली असती तर पायडल होतंच. जुन्या लूनाला होतं तसं. पेट्रोल संपलं की माणूस पाय मारत घरी यायचा, लाजायचा नाही. गाडीनं थोडं आपल्यावर अवलंबून राहावं.

पुतणी : पण सायकलवर भीमाशंकर होत नाही. चाकणपासून राजगुरुनगर, वाडा करत ऐंशीएक किलोमीटर आहे.

काका : तुझ्या स्कूटरवर तरी होतं का?

पुतणी : मुक्काम केला तर होतं. रात्री गाडी लावायची, पिठलं-भाकरी खायची, सकाळी परत. पण वाटेत चार्जिंग मागायला संकोच वाटतो. टपरीवाला बिचारा नाही म्हणत नाही, आणि त्याचं मीटर आमच्यामुळे पळतं.

काका : किती पळतं? तू बॅटरीवाली, हिशेब सांग.

पुतणी : तीन युनिटची बॅटरी धरली तर तासाचे पंचवीस टक्के म्हणजे पाऊण युनिट. चार्जर थोडी वीज खातो, म्हणून एक युनिट धरू. धंद्याच्या मीटरचा दर घरच्यापेक्षा जास्त असतो, तरी एका वडापावच्या पैशात बसतं. आमच्यात आता ठरलंय, बिल देताना प्रत्येक गाडीमागे वीस रुपये वेगळे ठेवायचे. तो नको म्हणतो, आम्ही ठेवतो.

काका : ठेवता ते चांगलं. पण हातात कोंबलेल्या पैशानं त्याला अवघड होत असेल. फळ्यावर लिहायला सांगा. चहा, वडापाव, मिसळ, आणि खाली गाडी चार्जिंग, तासाला इतके. दर लिहिलेला असला की त्याला मागता येतं आणि तुम्हाला मान खाली घालावी लागत नाही. आणि अर्थिंग बघून घ्या. पत्र्याच्या टपरीत, पावसात, एका बोर्डावर सात गाड्या लावता, हे मला अजिबात पसंत नाही. वायर तापली तर त्याचं दुकान जाईल.

पुतणी : सात एकदम लावत नाही. दोन-दोन लावतो.

काका : एकेक लावा. बसायला आणखी वेळ मिळेल.

आता मला वाटलं भांडण मिटलं. पण काकांच्या मनात खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्यांनी शेवटी काढला.

काका : तुमच्या त्या गटात लाइनवरची पोरं किती? म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीला एका खोलीत पाच-सहा राहतात ती?

पुतणी : एक आहे. त्याची गाडी नाही, माझ्या मागं बसतो.

काका : का एकच?

पुतणी : कंत्राटावरच्यांची सुट्टी फिरती असते. गुरुवार मिळेलच असं नाही. मिळाला तर ओव्हरटाइम घेतात, घरी पैसे पाठवायचे असतात. आणि खोलीत मीटर मालकाचं. खाली गाडी लावायची तर मालक वायर सोडू देत नाही. चाकणच्या चौकात तासभर अडकून खोलीवर पोचल्यावर फिरायला कोण जाणार?

काका : मग ज्यांनी तुमच्या बॅटऱ्या भरल्या, जोडल्या, त्यांना पंचवीस टक्क्यांची भजी नाही. तुमची फुरसत खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तिच्या टेबलाला खुर्च्या कमी आहेत.

पुतणी : म्हणून मी गटात एक सुचवलंय. दर वेळी गुरुवार आणि दर वेळी लोणावळा कशाला? पहिली पाळी दुपारी सुटते. तिथून वासुलीचा भामचंद्र डोंगर जवळ आहे, कारखान्यांच्या मधोमध. जाऊन-येऊन दहा टक्केही लागत नाहीत, म्हणजे चार्जिंगचा प्रश्नच नाही. ज्यांच्या गाड्या नाहीत ते मागं बसतील. तुकाराम महाराज बसायचे तिथल्या कातळात जाऊन बसायचं, अंधाराच्या आत खाली यायचं. दुसऱ्या पाळीची पोरं सकाळी जातील.

काका : वर खायला काही मिळत नाही तिथं.

पुतणी : डबे न्यायचे. तुमच्या दशम्या.

काका : दशम्या मी करत नाही, तुझी काकू करते, आणि पंधरा जणांच्या म्हणशील तर ती मला पीठ मळायला बसवेल. धपाटे करू. दोन दिवस टिकतात, रात्रपाळीच्या पोरांना उरलेले देता येतील. चटणी मी कुटतो. तू फक्त किती पोरं येणार ते बुधवारपर्यंत कळव.